शिडीचा वारस

मी माझ्या भावाला कोर्टात खेचणार आहे अशी बातमी आमच्या गल्लीत पसरली, तेव्हा मी ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला. मला भावाला कोर्टात खेचायचं नव्हतं. भावाने मला खेचावं म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. हा खुलासा ऐकल्यावर लोक माझ्याकडे जास्तच काळजीने पाहू लागले. समोरच्या पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही थोडे दिवस रजा का नाही घेत?"

बाबांचं मृत्युपत्र एका पानाचं होतं. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आणि खांबावर चढून काम करणाऱ्या माणसाला लांबण लावायची सवय नसते. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांपैकी एक म्हणून शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांची सही होती, आणि वाटप करून द्यायची जबाबदारीही बाबांनी त्यांच्यावरच टाकली होती. बाबा गेल्यानंतर सगळे थोडे सावरल्यावर हेडमास्तर पुढच्या खोलीत आले आणि परीक्षेचा निकाल जाहीर करावा तसं उभं राहून त्यांनी ते वाचलं. बँकेत जे काही होतं ते दोघांना सारखं. घर मुलीला. मग ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुढचं वाक्य वाचलं.

"माझी शिडी माझ्या मुलाला."

पुढे काहीच नव्हतं. त्यांनी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

या शिडीबद्दल सांगायलाच हवं. बाबा निवृत्त झाले त्या सुमारास खात्याने लाकडी शिड्या मोडीत काढून हलक्या धातूच्या घेतल्या. बाबांनी आपली शिडी मोडीतून सोडवून घरी आणली. ती घडी होत नाही, लांबत नाही, आखडत नाही. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात ती भिंतीवरच्या दोन आकड्यांवर आडवी टांगलेली असते, आणि आम्ही घरातले लोक तिथून नकळत तिरके होऊन जातो. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून आमच्याकडे आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा खांदा चोळतच स्वयंपाकघरात पोचतो. आमच्या घराचं छत उंच आहे, दिवे उंच आहेत आणि पाण्याची टाकी गच्चीवर आहे. गच्चीवर जायला जिना नाही. तो बाबांनी कधी बांधलाच नाही. शिडी असताना जिना कशाला, असं त्यांचं म्हणणं.

शिडीचा एक नियम होता. एक वर, एक खाली. एकट्याने चढायचं नाही, मग बल्ब असो की टाकी. खालच्याने पहिल्या पायरीवर पाय रोवायचा, दोन्ही हातांनी शिडी धरायची आणि नजर वर ठेवायची. वरच्याने पाय उचलण्याआधी विचारायचं, "आहेस?" खालच्याने म्हणायचं, "आहे." उत्तर आल्याशिवाय चढायचं नाही. काम करता करता मध्येच मनात आलं तर पुन्हा विचारायचं, आणि खालच्याने कंटाळा न करता पुन्हा सांगायचं. खात्यात सगळे असंच करायचे, असं बाबा सांगत.

आमच्याकडे वर चढायचं काम दादाचं, खाली धरायचं बाबांचं. मी बल्ब धरून उभी राहायची. दादा लग्नानंतर पलीकडच्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहायला गेला, तरी बल्ब गेला की बाबा त्यालाच बोलावत. शेवटी शेवटी बाबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा ते शिडीशी स्टूल टाकून बसत आणि बसल्या बसल्या धरत. दादा वरून विचारायचा, "आहेस?" स्टुलावरून उत्तर यायचं, "आहे." एवढ्या एकाच वेळी दादा बाबांना अरेतुरे करायचा, आणि बाबांनाही ते चालायचं.

तर ही शिडी. मृत्युपत्र वाचून झाल्यावर दादा "बरं" म्हणाला. चहा प्यायला. मग उठला, स्वयंपाकघरात गेला आणि आपला कप स्वतः विसळून पालथा घालून ठेवला.

माझा भाऊ या घरात वाढला. या घरात त्याने आजवर कप धुतलेला मी पाहिलेला नाही. तो कप खिडकीत ठेवतो, टीव्हीवर ठेवतो, एकदा तर बुटांच्या फळीवर ठेवला होता. कप धुऊन पालथा घालतो तो पाहुणा. दादा बोळातून परत येताना त्याचा खांदासुद्धा शिडीला लागला. तेव्हा मी ठरवलं की हे असं चालायचं नाही.

माझं काम वजनं आणि तराजू तपासायचं आहे. सरकारी प्रयोगशाळेत लोक आपली वजनं घेऊन येतात आणि ती खरी आहेत की खोटी हे मी सांगते. अशा बाईच्या पदरात एका पारड्यात घर आणि दुसऱ्यात शिडी पडली, तर तिला झोप कशी लागावी? मी दादाला म्हटलं, "घर अर्धं तुझं. मी लिहून देते."

"बाबांनी दिलं नाही, ते तू कशाला देतेस?"

"मला पटत नाही म्हणून."

"मला पटतंय," दादा म्हणाला. "तू त्यांच्याजवळ राहिलीस. घर तुझंच."

"मग तोंड का असं केलंयस?"

"माझं तोंड असंच आहे."

त्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "तुझ्या भावाला काय झालंय ते विचार. जेवता जेवता मध्येच थांबतो आणि 'शिडी' म्हणतो. पुढे काही नाही. नुसतं 'शिडी'. मी आमटी वाढायची की नाही?"

घराचं त्याला खरंच काही वाटलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्याला खुपत होती ती शिडी. बापाने मुलासाठी काय ठेवावं याचा बाबांनी विचार केला, आणि विचारांती त्यांना शिडी सुचली.

गल्लीत तर याचे अर्थ लावायची साथच आली. पार्लरवाल्या बाईंनी केस कापता कापता ही बातमी घराघरांत पोचवली होती. त्यांचं मत असं की शिडी देणं म्हणजे 'आता तू बाहेरूनच डोकावून बघ' असं सांगणं. गल्लीतल्याच एका विमा एजंटांचं मत उलट. ते म्हणाले, "प्रगतीचं प्रतीक आहे हो. वर चढत राहा, असं त्यांना म्हणायचं असेल." दादा एका छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "मग निवृत्तीनंतर," ते म्हणाले. इस्त्रीवाल्याने अर्थबिर्थ काही लावला नाही. त्याला ती शिडी विकत हवी होती.

शेवटी मी वकील गाठला. वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. बसायच्या आधीच खालून हातोड्याचे ठोके यायचे, त्यामुळे प्रत्येक सल्ल्याला आपोआप जोर चढत असे. या बाई इतकी वर्षं लोकांना मृत्युपत्रांची तीच उत्तरं देत आल्या होत्या, की आता त्या प्रश्नांची वाटच बघत नसत.

"मृत्युपत्राला आव्हान वाटेल त्याला देता येत नाही," त्या सुरू झाल्या. "ज्याचं त्यामुळे नुकसान झालंय त्यालाच देता येतं. शेजाऱ्यांना देता येत नाही. हे मी आधीच सांगते, कारण शेजारीच जास्त येतात. दुसरं, अन्याय झाला म्हणून आव्हान देता येत नाही. आईबापांना अन्याय करायचा पूर्ण अधिकार आहे. तिसरं, मुदत असते, तेव्हा विचार करत बसू नका. तुम्हाला काय मिळालं?"

"घर."

"आणि हवं काय होतं?"

"अर्धं घर."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. खाली ठोका पडला.

"तुम्हाला जास्त मिळालं म्हणून तुमची तक्रार आहे?"

"वाटप सारखं झालेलं नाही," मी म्हटलं.

"मग भावाला अर्धं देऊन टाका. बक्षीसपत्र करू."

"तो माझ्याकडून घेत नाही. कोर्टाने दिलं तर घेईल असं मला वाटतं. कोर्टाला तो नाही म्हणू शकणार नाही."

"मग आव्हान त्यांनी द्यायला हवं. तुमचं काहीच गेलेलं नाही." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कारणं ठरलेली आहेत. मृत्युपत्र करणारा शुद्धीवर नव्हता, म्हणजे आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. किंवा त्याच्यावर दबाव होता. किंवा फसवणूक झाली. किंवा साक्षीदारांत खोट आहे. यातलं काय होतं?"

"दबाव," मी म्हटलं. त्यातल्या त्यात तेच मला कुणाचा अपमान न करणारं वाटलं.

"कुणी टाकला?"

"मी."

"कसला?"

मी खरोखर आठवून पाहिलं. "संध्याकाळची गोळी घ्यायला लावायचे. साखर कमी करायला लावायचे. आणि थंडीत कानटोपी."

"कानटोपीने मृत्युपत्र रद्द होत नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी माया आली होती, पण त्या उठून उभ्याही राहिल्या होत्या. "भावाला पाठवा. तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात तर ते हरतील."

दादाला तयार करायला मला बराच धोशा लावावा लागला. शेवटी रविवारी तो आणि वहिनी घरी आले. जेवणं झाल्यावर आम्ही टेबल पुसलं आणि वहिनी मधोमध वही उघडून बसल्या, कारण आमच्या घराण्यात अक्षर फक्त त्यांचंच वाचता येतं.

"आधी दबाव बघू," मी म्हटलं. "दादा, तू सांग. माझ्याविरुद्ध काय काय आहे?"

दादाने बराच वेळ विचार केला. "तू त्यांचा रेडिओ बंद करायचीस."

"बातम्या संपल्यावर. खरखर यायची."

"त्यांना आवडायची खरखर." तो पुन्हा विचारात पडला. "मला नाही जमत, मोजपट्टी. तू काही केलेलंच नाहीस."

मोजपट्टी म्हणजे मी. हे नाव त्यानेच ठेवलंय. मृत्युपत्र वाचल्यापासून त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांत उगीचच पाणी आलं. पण मी कामाला बसले होते, म्हणून मी म्हटलं, "मग दुसरं कारण. त्यांना कळत नव्हतं. लिहा वहिनी. ते रोज सकाळी फोन उचलून कानाला लावायचे आणि 'ठीक आहे' म्हणून ठेवून द्यायचे."

वहिनींनी लिहिलं. "कुणाचा फोन यायचा?"

"कुणाचाच नाही. आवाज येतोय का, ते बघायचे. लाइन बंद केली त्यालाही वर्षं झाली होती, आवाज यायचाच नाही. तरी 'ठीक आहे' म्हणायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, निदान खरखर तरी नाही."

दादा हसला. "आणखी?"

"हेडमास्तरांच्या दिवाणखान्यात प्लॅस्टिकचं झाड आहे ना, त्याला पाणी घालायचे."

"त्यांना प्लॅस्टिकचं आहे हे कळत नव्हतं?"

"कळत होतं. हेडमास्तरांच्या देखत घालायचे. मग म्हणायचे, गेल्या वेळेपेक्षा जरा वाढलंय."

वहिनींचं लिहिणं थांबलं, कारण त्यांना पेन धरता येईना. मग दादाने सांगितलं, की तो लहान असताना बाबा त्याला खांबाला कान लावायला लावायचे आणि विचारायचे, कोण बोलतंय सांग. आणि दादा सांगायचा. कुणाची तरी मावशी येणार आहे, कुणाला तरी सर्दी झालीये. बाबा सगळं खरं मानायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे. मग मी शेवटच्या वर्षातलं सांगितलं. बाबा खुर्चीतूनच खिडकीबाहेरच्या खांबाकडे बघायचे आणि कुणी तारा नीट ओढल्या नाहीत याबद्दल पुटपुटत बसायचे. एकदा नवीन मुलं तिथे काम करायला आली, तेव्हा त्यांनी खिडकीतून त्यांना शिडी धरायचा नियम समजावला. मुलं म्हणाली, आजोबा, आम्हाला क्रेन आहे. बाबा म्हणाले, क्रेन विचारते का, आहेस म्हणून?

"मग?" दादा म्हणाला. "मुलं काय म्हणाली?"

त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मुलाला बाप तब्येत सांगतो, हवापाणी सांगतो. खिडकीतून काय ओरडला ते नाही सांगत. दादा प्रत्येक गोष्टीला "मग?" विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. टेबलावरचा चहा गार झाला, तो गरम केला, तो पुन्हा गार झाला.

वहिनींनी लिहिलेलं वाचून पाहिलं. "हे कोर्टात वाचलं," त्या म्हणाल्या, "तर न्यायाधीश त्यांना दत्तक घेतील."

दादाने वही आपल्याकडे ओढली आणि मिटली.

"राहू दे," तो म्हणाला. "माझ्या बापाला कळत नव्हतं, यावर मी सही करू? त्यांना सगळं कळत होतं." त्याने वही टेबलाच्या कडेला सरकवली. "तेच तर आहे ना. सगळं कळत होतं, आणि मला शिडी दिली."

आणि नेमक्या त्याच वेळी हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. पार्लरच्या बातमीपत्राची आवृत्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"मी वेड्या माणसाच्या सहीखाली सही केली, असं कोर्टात सांगणार आहात म्हणे," ते म्हणाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "पस्तीस वर्षं मुलांच्या खोट्या सह्या पकडल्या मी. बापाच्या सहीने रजेचे अर्ज आणायची. तुझा बाप माझ्यासमोर बसून, नीट विचार करून लिहीत होता. शिडीच्या वाक्याला तर त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला."

"काका, आम्ही काही करत नाही आहोत," दादा म्हणाला. "मिटली वही."

पण हेडमास्तरांचा स्वाभिमान एकदा जागा झाला की परत झोपवणं सोपं नसतं. "ते तुम्ही बघा. माझ्यावर जबाबदारी आहे. घर मुलीच्या ताब्यात आहे, शिडी अजून मुलाच्या ताब्यात गेलेली नाही. पुढच्या रविवारी मी ती पोचती करणार. तुझ्या घरी."

"फ्लॅटमध्ये?" वहिनी म्हणाल्या.

"मृत्युपत्रात पत्ता दिलेला नाही," हेडमास्तर म्हणाले, आणि गेले.

आता माझ्या व्यावसायिक अब्रूचा प्रश्न आला. शिडी दादाच्या फ्लॅटमध्ये जाईल का, हे मोजून सांगणं माझ्याइतकं कुणाला जमणार? मी शिडी मोजली. दादाच्या इमारतीचा जिना मोजला, वळणावरचा कोपरा मोजला, कागदावर कर्ण काढला आणि जाहीर केलं की शिडी तिरकी धरली तर वळणावरून निघेल, आणि वर थोडी जागा उरेलसुद्धा. ही उरलेली जागा मी फार अभिमानाने सांगितली, हे नंतर सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

रविवारी शिडीचा पुढचा भाग दादाच्या खांद्यावर, मागचा विमा एजंटांच्या खांद्यावर, पुढे हातात मृत्युपत्र घेऊन हेडमास्तर आणि मागे मी, अशी वरात निघाली. शिडीच्या टोकाला लाल फडका बांधावा असं पार्लरवाल्या बाईंनी सुचवलं आणि स्वतःचा टॉवेल दिला. तो टॉवेल गुलाबी होता. रस्त्याने लोक बाजूला होत होते. चौकात शिडी वळली, तेव्हा मागच्या टोकाने इस्त्रीवाल्याच्या दुकानापुढचे हँगर खाली आणले. इस्त्रीवाला ते गोळा करता करता म्हणाला, "मी म्हणत होतो ना, मला विका."

पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणावर शिडी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी कोपरा बरोबर मोजला होता. कठड्याची लाकडी मूठ मोजली नव्हती. जिन्याला कठडा असतो ही गोष्ट माझ्या आकृतीत कुठेच नव्हती. दादाने माझ्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. बोलले ते विमा एजंट. "ताई, तुमच्याकडे तपासून घेतलेले तराजू कुठल्या दुकानात असतात? तेवढं सांगून ठेवा."

मग जिन्याच्या वळणावर सभा भरली. शिडीच्या वर अडकलेले वरचे रहिवासी, खाली अडकलेले खालचे. एका आजींना देवळात जायचं होतं, त्या पायऱ्यांवर बसल्या आणि हेडमास्तरांकडून मृत्युपत्र मागून घेऊन वाचू लागल्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "चांगला माणूस असणार." सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, या वस्तूच्या प्रवेशाची परवानगी घेतली होती का? आणि खाली गाड्यांच्या जागेत ठेवणार असाल तर तेही नियमात बसत नाही. बाल्कनीतून दोराने ओढायचा विचार निघाला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी आपली काचेची खिडकी दाखवली. शेवटी दादाने कठड्यावर चढून शिडी वरून उचलली, आम्ही खालून ओढली, आणि ती मोठ्या कष्टाने आली होती त्याच वाटेने परत गेली.

फाटकाशी हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, "ताबा दिला असं मी समजतो. आता मालकाने ठरवावं, आपली शिडी कुठे ठेवायची."

मालकाने शिडीकडे पाहिलं, फ्लॅटकडे पाहिलं. "तिच्याच आकड्यांवर," तो म्हणाला. "जाणार कुठे दुसरीकडे?"

परत आमच्या घरी येईपर्यंत सगळे इतके दमले होते की पुढच्या खोलीत शिडी वळवताना कुणाचंच वर लक्ष नव्हतं. टोक वर गेलं, आणि छताजवळ भिंतीवर लावलेला बल्ब खळकन फुटला. काचा पडल्या. खोलीत एकदम संध्याकाळ झाली.

विमा एजंटांनी याच क्षणी घरचं काम आठवल्याचं सांगितलं. हेडमास्तर टॉवेल परत करायला गेले. वहिनींनी काचा गोळा केल्या. मी कपाटातून नवा बल्ब काढला आणि सवयीने तो हातात धरून उभी राहिले.

दादाने शिडी भिंतीला लावली, हलवून पाहिली, चपला काढल्या. माझ्या हातातून बल्ब घेऊन खिशात टाकला. हात शिडीवर ठेवले आणि तिथेच थांबला.

तो का थांबला हे कळायला मला थोडा वेळ लागला. शिडीच्या तळाशी कुणीच नव्हतं. स्टूल कोपऱ्यात होतं, त्यावर वर्तमानपत्रं ठेवलेली होती.

मी पुढे झाले. पहिल्या पायरीवर पाय रोवला, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर बघितलं. लाकूड जिथे मी धरलं तिथे गुळगुळीत होतं, बाकी शिडीपेक्षा काळं. तिथेच कुणीतरी कायम धरलेलं असणार, त्याशिवाय लाकूड असं होत नाही.

"आहेस?" दादा म्हणाला.

"आहे."

तो चढला. अर्ध्यावर गेल्यावर पुन्हा थांबला. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, फक्त टाचा दिसत होत्या.

"मोजपट्टी," तो वरून म्हणाला, "ही शिडी एकट्या माणसाच्या काय कामाची?"

"कशाच्याच नाही," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तुझ्या घरात दिवे एवढ्या उंचावर आहेत, आणि शिडी माझी."

बाबांनी शिडीच्या वाक्याला सगळ्यात जास्त वेळ का घेतला, याचं उत्तर मला तेव्हा सापडलं असं मी म्हणू शकले असते. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मी प्रयोगशाळेत नव्या मुलींना रोज सांगते. कदाचित बाबांना नुसतं एवढंच वाटलं असेल की शिडी चांगल्या हातात जावी. मी शिडी मात्र घट्ट धरून ठेवली.

"आहेस?"

"आहे रे. लाव आता."

बल्ब लागला. बटण वहिनींनी दाबलं. दादा खाली उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. छताची धूळ, असं त्याने सांगितलं. छताला धूळ बरीच असते, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. मुदत संपत चालली आहे, भाऊ अजून आले नाहीत, याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, आम्हाला आव्हान द्यायचं नाही. फोनमधून टायरवरचा एक ठोका ऐकू आला. "मिळालं का त्यांना काही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिडी पोचली. त्यांनी जास्त चौकशी केली नाही. त्यांना नेहमीच्या प्रश्नांची सवय होती, आणि हा त्यांतला नव्हता.

पण हे झालं दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी शिडी आकड्यांवर चढवल्यावर मी चहा केला. दादा तो घेऊन घरभर फिरला. बाथरूमचा दिवा मिणमिणतोय म्हणाला, टाकीचा नळ गळतोय म्हणाला, स्वयंपाकघरात कोळिष्टकं किती झालीत म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो," म्हणाला. बोळातून जाताना तो आपोआप तिरका झाला.

ते दोघं गेल्यावर मी दार लावलं आणि आवराआवर केली. दादाचा कप स्वयंपाकघरात नव्हता. टेबलावरही नव्हता. तो शिडीच्या वरच्या कडेवर, भिंतीला टेकवून ठेवला होता. तळाशी न विरघळलेली साखर, बाहेरच्या बाजूने चहाचा ओघळ.

मी तो लगेच धुतला नाही.